विमानाचे वजन विमानालाच विचारा
विमान सुटण्याआधी वैमानिकाच्या हाती लोडशीट येते. प्रवासी किती, सामान किती, इंधन किती आणि हा सगळा भार पुढे-मागे कसा विभागला आहे, हे त्यावर असते. उड्डाणाच्या वेळी विमान एकूण किती वजनाचे असेल, या एका आकड्यावर पुढचे गणित उभे राहते: इंजिनांना किती जोर द्यायचा आणि धावपट्टीवर कोणत्या वेगाला नाक उचलायचे. विमान हलके असले की इंजिनांची झीज वाचवण्यासाठी मुद्दाम कमी जोर लावतात. म्हणजे आकडा चुकून कमी पडला, तर जड विमानाला हलक्या विमानाचा जोर मिळतो. एवढे ज्याच्यावर अवलंबून आहे ते वजन प्रवासी विमानाच्या बाबतीत सहसा कोणी काट्यावर मोजलेले नसते. रिकाम्या विमानाचे नोंदलेले वजन, माणसामागे ठरवून दिलेली सरासरी आणि सामानाच्या नोंदी यांची ती बेरीज असते. ती तपासायची तीही कागदावरूनच, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

20 मार्च 2009 रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए340 विमानात 275 माणसे होती. गणितासाठी भरायचे वजन 362.9 टन होते. उड्डाणाचे गणित करणाऱ्या संगणकात ते 262.9 टन असे भरले गेले. एका अंकाच्या चुकीने शंभर टन गायब झाले. शेपूट धावपट्टीवर घासली, धावपट्टी संपली तरी विमान जमिनीवरच होते, आणि शेवटच्या क्षणी इंजिनांना पूर्ण जोर दिला म्हणून ते कसेबसे वर गेले. परत उतरल्यावर कोणालाही इजा झालेली नव्हती. कॉकपिटमध्ये त्या दिवशी चार वैमानिक होते. पडताळणीची पद्धत ठरलेली होती, तरी चूक निसटली. एकच आकडा पुन्हा पुन्हा वाचणारे डोळे वाढवले म्हणून खात्री वाढत नाही. दुसरा माणूस पहिल्याचेच लिहिलेले वाचत असेल, तर तो वेगळा साक्षीदार ठरत नाही.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला दैवाने अशी साथ दिली नाही. 14 ऑक्टोबर 2004 रोजी एमके एअरलाइन्सचे बोइंग 747 मालवाहू विमान तिथून उडताना कोसळले आणि सातही कर्मचारी दगावले. विमानाचे वजन 353 टनांच्या आसपास होते. गणितात मात्र बहुधा आधीच्या उड्डाणाचे, सुमारे 240 टनांचे वजन तसेच राहून गेले. दमलेल्या माणसांकडून असे होणारच. कॅनडाच्या तपास यंत्रणेने 2006 मध्ये सुचवले की विमान अपेक्षेइतका वेग घेते आहे की नाही, हे धावपट्टीवरच सांगणारी यंत्रणा मोठ्या विमानांत सक्तीची करावी. वैमानिकाच्या अंगाला ही तफावत कळत नाही, कारण वजन आणि लावलेला जोर बदलतो तसा प्रत्येक उड्डाणाचा रेटा वेगळा असतो.

चूक दरवेळी वैमानिकाचीच असते असेही नाही. जुलै 2020 मध्ये बर्मिंगहॅमहून पाल्माला गेलेल्या टुई कंपनीच्या विमानात ‘मिस’ अशी नोंद असलेल्या 38 प्रौढ स्त्रियांना प्रणालीने लहान मुली ठरवले आणि प्रत्येकीचे वजन 69 ऐवजी 35 किलो धरले. लोडशीट खऱ्या वजनापेक्षा 1,244 किलोने कमी निघाली. आपल्याकडेही ‘कु.’ शाळकरी मुलीच्या नावाआधी लागते आणि चाळिशीतल्या अविवाहित बाईच्याही, त्यामुळे ही गफलत कशी झाली हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्या लोडशीटवर मुलांची संख्या उड्डाण-आराखड्यातल्या संख्येच्या दुपटीहून जास्त दिसत होती. तरीही विमान निघाले.

ते सुखरूप पोचले, मग एवढा बाऊ कशाला, असे विचारले जाईल. उड्डाणाच्या गणितात मोकळीक ठेवलेली असते हे खरे. पण ती ऐन वेळी बंद पडणाऱ्या इंजिनासाठी असते. कारकुनी चुकीने ती आधीच खाऊन टाकायची नसते. विमानाने आपले वजन स्वतःच मोजावे म्हटले की येणारा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्यासाठी चाकांच्या दांड्यांवर बसवलेल्या संवेदकांचे मोजमाप किलोपर्यंत अचूक येत नाही, आणि भर वेगात खोटा इशारा मिळून वैमानिकाने उड्डाण सोडले तर तो इशाराच अपघाताचे कारण व्हायचा. हे मान्य आहे. म्हणूनच इशारा विमान उभे असताना किंवा धाव सुरू होताच, वेग कमी असताना मिळायला हवा. शंभर टनांची चूक पकडायला किलोची अचूकता लागत नाही. सव्वा टनाची बर्मिंगहॅमची चूक या मोजमापातून निसटेलही. तिच्यासाठी उपाय वेगळा आहे. आराखडा आणि लोडशीट यांत ठराविक मर्यादेपलीकडे फरक पडला, तर खुलासा होईपर्यंत प्रणालीने पुढे जाऊच देऊ नये.

उरतो खर्च. काही नव्या विमानांत वजनाच्या ढोबळ चुका आणि धावेतला कमी वेग ओळखणारी साधने आली आहेत, म्हणजे तंत्र हाताबाहेरचे नाही. इंडिगोने 2023 मध्ये एकाच वेळी 500 विमानांची मागणी नोंदवली, एअर इंडियाने त्याच वर्षी 470. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या शब्दाला कारखान्यात वजन असते. या ताफ्यातल्या ज्या विमानांची सुपूर्दगी अजून व्हायची आहे, त्यांत अशी साधने असलीच पाहिजेत, अशी अट नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आत्ताच घालावी. जुन्या विमानांत ती नंतर बसवायची म्हटले तर खर्चाचा हाच आक्षेप कितीतरी मोठा होऊन पुढे येईल.