भूगोलाच्या तासाला कामगार गैरहजर!



आपल्या मुलामुलींच्या हायस्कूलच्या वेळापत्रकावर एकदा नजर टाका. गणित, विज्ञान, इंग्रजीला मानाचे तास. भूगोल उरल्यासुरल्या वेळेत, आणि पर्यावरण म्हणजे एखादा प्रकल्प, वही आणि श्रेणी. महाराष्ट्रात दहावीला भूगोल ४० गुणांचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे त्याचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. साथीपुढे इलाज नव्हता, हे मान्य. पण नकाशा न भरताच भूगोल सुटला, याची खंत किती घरांत वाटली?

आमची खरी तक्रार तासांच्या संख्येबद्दल नाही. तासाला जो देश दाखवला जातो, त्यात तो चालवणारे हात दिसत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

दहावीच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील आहे. जरूर असावा, जग कळलेच पाहिजे. पण आपल्या पत्त्यातला सहा आकडी पिनकोड हाही भूगोलच आहे, हे मुलांना कोण सांगणार? १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत टपाल खात्यातल्या एका मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हटले की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटपाच्या कचेरीचे. धावत्या गाडीत रात्रभर टपाल छाटणाऱ्या आर.एम.एस.च्या सॉर्टरला जेवढी गावे तोंडपाठ असत, तेवढी कोणत्या परीक्षकाला येतील?

कोकण रेल्वेचेही तेच. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग देशाला अर्पण झाला. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, एवढे मुले घोकतात. पण डोंगर कापला की उतार उघडा पडतो, पाणी मुरते आणि दरड सुटते, हा धडा २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ पन्नासच्या आसपास प्रवाशांच्या प्राणांनी शिकवला. आज पावसाळ्यात तिथे गाड्यांचा वेग कमी केला जातो, वेगळे वेळापत्रक लागते आणि भर पावसात कंदील-बॅटरी घेऊन गस्तवाला रूळ तपासत चालतो. पर्जन्यमानाचा तक्ता मांडताना या माणसाचा उल्लेख नको काय?

आता पर्यावरण. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले. आदेश चांगला होता. शाळेत त्याचे झाले काय? नळ बंद करा, कापडी पिशवी वापरा, झाड लावा! सवयी चांगल्याच आहेत. पण सारा दोष मुलाच्या बादलीवर टाकायचा आणि मोठ्यांच्या धोरणाला हात लावायचा नाही, हे कसले शिक्षण? डब्यांतल्या शौचकूपांची घाण अनेक दशके रुळांवर पडत होती आणि गँगमन त्याच रुळांवर हाताने काम करत होता. जवळजवळ सर्व डब्यांना जैव-शौचालये लागायला २०१९-२० साल उजाडले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला बहुतेक माल रेल्वेने जाई; आज तिसरा हिस्साही रेल्वेकडे नाही. तोच माल ट्रकने न्यायला कितीतरी जास्त डिझेल जळते. हा पर्यावरणाचा प्रश्न नाही, तर मग कोणता आहे?

कोणी म्हणेल, शाळेत युनियन आणू नका. आम्ही झेंडा आणत नाही, खरी माहिती आणतो. शिक्षकांनाही आम्ही दोष देत नाही. निवडणूक आणि जनगणनेची कामे अंगावर घेऊन तेही आपल्यासारखेच राबतात. दोष आहे तो ज्यांना श्रम हा ज्ञानाचा भाग वाटत नाही, त्या अभ्यासक्रमवाल्यांचा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वर्षातून निदान एक दिवस भूगोलाचा आणि पर्यावरणाचा तास यार्डात, केबिनमध्ये, टपालाच्या छाटणीघरात भरवा, आणि त्यावर परीक्षेत प्रश्न विचारा. भुसावळ असो, इटारसी असो की हुबळी, प्रत्येक शाखेने जवळच्या शाळेला पत्र लिहावे, प्रशासनाकडून रीतसर परवानगी काढावी आणि माहिती सांगायला जाणता कामगार द्यावा. आपल्या मुलांना नकाशावर बापाचे काम दिसलेच पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!