डब्याचा रोजमेळ

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 मधील मूळ निकषांनुसार अंगणवाडीतील 3 ते 6 वर्षांच्या बालकास सकाळचा नाश्ता व गरम आहार मिळून 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने द्यावयाची होती. यवतमाळच्या खेडोपाडीही हेच माप होते. मग तीन तासांच्या नर्सरीसाठी, लेकरू उपाशी राहील या धास्तीने, चार पराठे कशाला? मुगाचे एक लहान धिरडे व अर्धे केळे बहुधा पुरते. परत आलेला डबा हा रोजमेळ समजावा. आठवडाभर शिल्लक दिसली तर कमी भरावे. रिकामा आला तर थोडे वाढवावे. उरलेल्या घासासाठी मुलास मात्र रागावू नये. काय द्यावे हे घरच्यांनी ठरवावे. किती खावे हे त्याच्या भुकेने.