भेट कोणाची घ्यावी?

इतिहासातील कोणाला भेटावेसे वाटते, असे विचारताच बहुतेकांची बोटे सिंहासनाकडे वळतात. वस्तुतः राजेलोकांविषयी दरबारी लेखकांनी पुष्कळच लिहून ठेवलेले असते. भेट घ्यावी ती गणेश व्यंकटेश जोशी यांची! सरकारी हायस्कुलातील या शिक्षकाने सरकारच्याच अहवालांतील आकडे वेचून पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सरकारी अर्थनीतीची चिकित्सा केली, तीही स्वतःचे नाव न घालता. १८९७ साली लंडनला वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांची साक्ष गाजली. तिच्यामागे जोशींची टिपणे होती. कीर्ती गोखल्यांना लाभली, व ते गैर नव्हे. परंतु दिवसभर वर्ग सांभाळून हे आकडे केव्हा जुळविले, आणि नोकरीची धास्ती वाटली की नाही, हे जोशींनाच विचारावयास हवे.