चाळिशीतला शिकाऊ वैमानिक आणि आपले दरपत्रक

बँकेतली, आयटीतली किंवा कारखान्यातली चालती नोकरी सोडून कमर्शियल पायलट लायसन्स घ्यायला निघालेला चाळिशीतला माणूस आता आपल्या संस्थांच्या दारात अप्रूपाचा राहिलेला नाही. बारामतीला जावो, धुळ्याला किंवा गोंदियाला, बारावी झालेल्या मुलाच्या पालकांना आपण जे दरपत्रक देतो तेच त्याच्याही हातात ठेवतो: दोनशे तासांचे एक पॅकेज, तीन-चार मोठे हप्ते आणि ‘अठरा महिन्यांत लायसन्स’ ही ओळ. त्याने विचारलेला प्रश्न असतो, कोणती वाट धरू? आपण उत्तर देतो ते कोणती संस्था धरायची याचे, आणि तेही स्वतःच्या संस्थेचे. या वयाच्या विद्यार्थ्याला एकरकमी पॅकेज विकणे बंद करावे, त्याला टप्प्याटप्प्याने शिकवावे आणि प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडण्याची सोय ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी वयाचा हिशेब. व्यापारी हवाई वाहतुकीत वैमानिकाला पासष्टीपर्यंत उडता येते. चाळिसाव्या वर्षी सुरुवात करून चव्वेचाळिसाव्या वर्षी जो उजव्या सीटवर बसेल त्याच्यापुढे एकवीस वर्षे उरतात, आणि ती काही थोडी नाहीत. एटीपीएलला लागणारे 1500 तासही विमान कंपनीत तीन वर्षांच्या आत-बाहेर भरतात, कारण वर्षाला एक हजार तासांपर्यंत उडायला नियमच परवानगी देतो. म्हणजे वय हे नकाराचे कारण नव्हे. अडचण आहे ती अधल्यामधल्या प्रतीक्षेची. किंगफिशर 2012 च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली, जेट एअरवेज 2019 च्या एप्रिलमध्ये, मग करोना, मग 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक बाजारात उतरले आणि कोऱ्या लायसन्सवाले रांगेच्या शेवटी ढकलले गेले. बाविशीतला मुलगा तीन वर्षे थांबतो, घरी राहतो, मधल्या काळात पदवी पुरी करतो. बेचाळिशीतल्या माणसाच्या डोक्यावर घराचा हप्ता असतो आणि मुलाची दहावी असते. शिवाय त्याचा खरा खर्च आपल्या दरपत्रकात दिसतच नाही. महिना दीड लाख कमावणाऱ्याने दोन वर्षे नोकरी सोडली तर छत्तीस लाख तिथेच गेले. फी, राहणे-खाणे आणि पुढचे टाइप रेटिंग त्याच्या वर.

इतकी मोठी रक्कम पणाला लागत असेल तर ती केव्हा लावायची, हा प्रश्न कोणत्या संस्थेत लावायची याच्या आधी येतो. जी शंका कमी पैशांत फिटते ती आधी फेडावी. पहिली पायरी बारावीच्या विषयांची. कॉमर्स घेऊन बारावी झालेल्याला फिजिक्स आणि गणित मुक्त विद्यालयातून द्यावे लागते. कित्येक चाळिशीतले उमेदवार इथेच वर्षभर अडकतात, आणि तोवर कुठेतरी पहिला हप्ता भरून बसलेले असतात. दुसरी पायरी वैद्यकीय तपासणीची. वर्ग 2 वर समाधान मानून प्रवेश देण्याची आपली सवय या वयात घातक ठरते. विशीत क्वचित निघणाऱ्या गोष्टी, वाढलेला रक्तदाब, साखर, ईसीजीतला एखादा फरक, वरच्या पट्टीत कमी झालेले ऐकू येणे, या चाळिशीत निघतात. बहुतेकदा शेरा कायमचा नसतो, ‘तात्पुरते अपात्र’ असा असतो. पण उपचार, पुन्हा चाचण्या, पुन्हा तारीख यात सहज सहा महिने जातात. ते सहा महिने पगार चालू असताना गेले तर नुसता मनस्ताप, फी भरून होस्टेलवर बसून गेले तर कर्ज. म्हणून वर्ग 1 चा दाखला हातात पडल्याशिवाय या विद्यार्थ्याकडून उड्डाणाचा पैसा घेऊ नये. तिसरी पायरी लेखी परीक्षांची. नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल हे पेपर नोकरी सांभाळून देता येतात, उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के लागतात आणि निकाल लायसन्ससाठी पाच वर्षे धरला जातो. पाच वर्षे ही चांगली मुदत आहे. चाळिशीतला माणूस रात्री साडेदहाला ऑफिसच्या कामातून सुटून नेव्हिगेशनचा पेपर काढू शकतो की नाही, हे त्याला स्वतःलाच यातून कळते, आणि त्याची किंमत एका सेस्नाच्या थोड्या तासांइतकीसुद्धा नसते.

मगच विमान. आणि तेही आधी खासगी लायसन्सपुरते (पीपीएल), किमान चाळीस तास. आपल्याकडे पीपीएल वगळून थेट दोनशे तासांकडे जायची रीत पडली आहे, कारण तरुण विद्यार्थ्याला त्या कागदाचा फारसा उपयोग नसतो. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला आहे. एकूण तासांच्या एक-पंचमांशात तो एकट्याने सर्किट आणि क्रॉस-कंट्री करून बसतो, हातात एक खरे लायसन्स असते, आणि इथे थांबला तरी त्याने हौस भागवली, संसार पणाला लावला नाही. युरोपात हा मार्ग ‘मॉड्युलर’ या नावाने सरळ नियमात आहे. आपल्या नियमांत नाव नसले तरी आडकाठीही नाही. नियम तास मोजतो, सलग हजेरी मोजत नाही.

यावर मुरलेल्या सीएफआयचा आक्षेप ठरलेला असतो: तुकड्यातुकड्यांत शिकणाऱ्याचा हात बसत नाही. आक्षेप खोटा नाही. पंधरा दिवसांनी एकदा शनिवारी येणाऱ्या चाळिशीतल्या विद्यार्थ्याला फ्लेअर दर वेळी नव्याने शिकवावा लागतो. चेकलिस्ट आणि आरटी तो पोरांपेक्षा नीट करतो, पण धावपट्टी वर येताना नजर लांब टाकणे आणि हात सैल ठेवणे त्याला उशिरा जमते, आणि खंड पडला की तेच आधी जाते. पण आक्षेप टप्प्याच्या आतल्या खंडाला लागू आहे, दोन टप्प्यांमधल्या थांब्याला नाही. चाळीस तासांसाठी त्याने बिनपगारी रजा काढून ऑक्टोबर ते जानेवारीत सलग यावे, आठवड्याला चार-पाच सॉर्टी मिळाव्यात. नंतर वर्षभर नोकरी केली तरी बिघडत नाही. नियमाचाही रोख हाच आहे. कॅप्टन म्हणून उडवलेल्या शंभर तासांपैकी पंधरा तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत, रात्रीची दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंगही त्याच मुदतीतली. जुने तास चालतात, जुना हात चालत नाही. याचा अर्थ एवढाच की शेवटचा टप्पा लांबवू नये, आणि तो जूनमध्ये तर मुळीच सुरू करू नये.

दुसरा आक्षेप परदेशाचा. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत सात-आठ महिन्यांत तास भरतात, मग टप्पे कशाला? तास लवकर भरतात हे खरे. हवामान, विमानांची उपलब्धता आणि सुटे भाग यांत आपण मागे आहोत. मात्र तिथले लायसन्स इथे आणले की डीजीसीएचे पेपर, वर्ग 1 वैद्यकीय आणि स्किल टेस्ट चुकत नाहीत. ज्याने पेपर आणि वैद्यकीय आधीच उरकले त्याला परदेश सोयीचा आहे. ज्याने नाही त्याला तो फक्त महागडा उशीर आहे. म्हणजे परदेश हासुद्धा शेवटच्या टप्प्यातला एक पर्याय झाला, वेगळी वाट नव्हे. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांबद्दल जास्त लिहिण्याचे कारण नाही. त्या बहुधा वयाची अट घालतात आणि हा विद्यार्थी तिथे बसत नाही. त्याला हे पहिल्याच भेटीत सांगावे.

खरा विरोध आपल्या हिशेबाच्या वहीतून येतो, आणि तो मोकळेपणाने मांडलेला बरा. एकरकमी आलेल्या हप्त्यांवर आपण इंजिनाचे ओव्हरहॉल करतो, विम्याचा हप्ता भरतो, प्रशिक्षकांचे पगार काढतो. टप्प्याने पैसे देणारा विद्यार्थी हे चक्र बिघडवतो. पण त्यातूनच आजची दुरवस्था आली आहे: नव्या तुकडीच्या पैशावर जुन्या तुकडीचे तास उडतात, आणि एक विमान हँगरमध्ये अडकले की दोघांचेही थांबतात. डीजीसीएने 2025 च्या ऑक्टोबरपासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार यादी लावायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेण्यांत एकही संस्था नव्हती. अर्थात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला श्रेणीपेक्षा जास्त सांगून जातो तो ऑप्स रूममधला फळा. काल किती सॉर्टी लावल्या होत्या, किती झाल्या, किती विमानांपुढे ‘मेंटेनन्स’ लिहिले आहे आणि ते किती दिवसांपासून, हे त्याने विचारले तर उत्तर द्यावे. वीस वर्षे ताळेबंद वाचलेल्या माणसाला माहितीपुस्तकातल्या चकचकीत फोटोंवर कटवता येत नाही. आणि पीपीएलनंतर तो परत येतो तेव्हा आपले काम पाहून आलेला असतो.

आणखी एक गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. पासष्टीची मर्यादा व्यापारी वाहतुकीसाठी आहे. आंतरराष्ट्रीय मानक प्रशिक्षणाच्या उड्डाणांना ती लावत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी लायसन्स मिळालेला, शिकवण्याची आणि माणसे सांभाळण्याची सवय असलेला अभियंता किंवा प्राध्यापक विमान कंपनीच्या रांगेत उभा राहण्याऐवजी इन्स्ट्रक्टर रेटिंग घेऊ शकतो. पगार कमी, पण प्रतीक्षाही कमी, आणि तास भरत राहतात. आपण मात्र त्याच्यापुढे पहिल्या दिवसापासून एअरबसचेच चित्र ठेवतो, आणि दुसरीकडे आपल्याच एप्रनवर धडधाकट विमान सकाळी आठ वाजता प्रशिक्षक नाही म्हणून बांधून ठेवतो.