तलाव कोणी बांधिला?

विद्यार्थ्यांस पुढें काय होणार म्हणून विचारिलें, तर बहुतेकांचें उत्तर नोकरी हेंच येतें. मातापितरांची मनीषाही तीच असते. नोकरीस आम्ही हलकें लेखीत नाहीं. आम्ही स्वतः पगारावरच जगतों. परंतु नोकरी मिळण्यापूर्वीं ती कोणीतरी निर्माण करावी लागते, ही गोष्ट मुलांस फारशी कोणी सांगत नाहीं. ती सांगावयास दूरचे दाखले नकोत. आपल्या गांवचा तलाव पुरे आहे.

नवेगांव बांध हें नांवच एका उद्योगाचें स्मारक आहे. टेकड्यांमधील खिंडी अडवून हा बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं घातला, अशी परंपरा आहे. पुढें लोक त्यांस कोलासूर देव म्हणून पूजूं लागले. त्यांच्या कोहळी समाजानें ह्या मुलखांत असे पुष्कळ तलाव बांधिले व त्यांच्या पाण्यावर धान आणि ऊंस पिकविला. देव म्हणून हात जोडणें सोपें आहे. पण त्या मनुष्यानें नेमकें काय केलें, हा विचार आम्हांस अधिक लाभदायक वाटतो.

बांध ही विलक्षण वस्तु आहे. तो नऊ आणे पुरा झाला, तर त्याचा उपयोग नऊ आणे होत नाहीं. शेवटची खिंड बुजेपर्यंत पाणी थांबतच नाहीं. तोंवर माती खणणारा, गाडी हांकणारा व दगड रचणारा ह्यांस रोज पोटास मिळालेंच पाहिजे. अशा शेंकडों माणसांशीं रोज सकाळीं वेगळा सौदा ठरवीत बसल्यास अर्धा दिवस सौद्यांतच जाईल. म्हणून कोणी एक पुढें होतो, सर्वांशीं एकदांच बोली करितो, व पुढील काम त्याच्या सांगण्यावरून चालतें. 1937 सालीं रोनाल्ड कोज ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें एका निबंधांत हाच प्रश्न विचारिला होता कीं, बाजारांत सर्व कांहीं विकत मिळत असतां व्यापारी पेढ्या व कारखाने निघतात तरी कां? त्याचें उत्तर असें कीं, बाजारांतील व्यवहारालाही खर्च पडतो. माणूस शोधणें, भाव ठरविणें व करार पाळवून घेणें ह्यांचा तो खर्च होय. जेथें एकाच्या व्यवस्थेखालीं काम केल्यानें हा खर्च वांचतो, तेथें संस्था उभी राहते. आणि जेथें ती इतकी फुगते कीं मालकाला स्वतःचें घरच कळेनासें होतें, तेथें तिची वाढ खुंटते. ह्या विचारवंतास 1991 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां नफ्याविषयीं. नफा म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतून ओढलेला घांस, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु मजुराला मजुरी आधीं मिळते, सावकाराला व्याज ठरल्या दिवशीं द्यावें लागतें. उद्योजकाचें पान सर्वांच्या शेवटीं वाढिलें जातें, आणि भांडें रिकामें झालें असेल तर तो उपाशी उठतो. फ्रँक नाइट ह्या अमेरिकन पंडितानें 1921 सालीं दाखविलें कीं, ज्या धोक्याचें गणित मांडतां येतें त्याचा विमा उतरवितां येतो. ज्याचें गणितच मांडतां येत नाहीं तो भार उद्योजक उचलितो, व नफा हें त्याचें फळ होय. पहिल्याच पुरांत पाळ फुटेल कीं टिकेल, हें बांध घालणाऱ्यास कोण सांगणार होतें?

ह्यावर कोणी म्हणेल, जुन्या पाटलांनीं व मालगुजारांनीं वेठही घेतली, कुळांस नाडलेंही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. जेथें मजुराला नाहीं म्हणण्याची मोकळीक नाहीं, तेथें उद्योग नसून जुलूम आहे. खुला बाजार दोन्ही बाजूंच्या संमतीवरच उभा असतो. म्हणून जमीनदारी गेली ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु 1951 सालीं मालगुजारी हक्कांबरोबर तलावही सरकारजमा झाले. लहान तलाव पुढें जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. पूर्व विदर्भांतील ह्या हजारों तलावांपैकीं पुष्कळांत गाळ सांचला, पाळी खचल्या. पाणी सर्वांचें झालें, पण पाळीची काळजी कोणा एकाची उरली नाहीं. जुलूम जावा हें योग्यच. त्याच्याबरोबर जबाबदारीही जावी हें मात्र योग्य नव्हे. तलावाचा लाभ ज्यांना, त्यांच्याच हातीं त्याचा अधिकार व खर्चही असावा, मग ते एक असोत वा मिळून शंभर, असें आमचें मत आहे.

राजाश्रय किंवा वतन असल्यावांचून असें साहस होत नाहीं, असेंही नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस तंत्रशाळेंत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलें व पुढें लोखंडी नांगर बनविले. लोखंडानें जमीन नासेल म्हणून शेतकरी ते घेईनात, तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. 1910 सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर त्यांनीं कारखाना हलविला, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. औंधच्या अधिपतींनीं जागा दिली खरी. पण नांगर विकत घ्यावा असा हुकूम शेतकऱ्यांवर कोणीं काढिला नव्हता. तो चांगला ठरला म्हणून खपला.

विद्यार्थ्यांनो, प्रत्येकानें कारखानदार व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या तालुक्यांत धान आहे, मासळी आहे, रानांत तेंदू व मोह आहे. ह्यांपैकीं कच्चा माल म्हणून काय बाहेर जातें, तें येथेंच कोणाच्या उपयोगीं करितां येईल, आणि त्यासाठीं कोणा चौघांची गांठ घालावी लागेल, एवढें वहींत मांडून पाहा. हिशेब तोट्याचा निघाला तर तो कागदावरच राहील. आणि पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलानें अशी वही पुढें केली, तर ती न वाचतां परत देऊं नये. प्रथम खर्चाचा रकाना तपासावा, मग जमेचा, आणि मगच हो किंवा नाहीं म्हणावें.