चित्र लहान कुठे करायचे?



आपल्या नववीच्या मुलांनी अंगणातल्या पाण्याच्या कुंड्यावर येणारे पक्षी टिपायला रास्पबेरी पाय बोर्डाला कॅमेरा जोडला आहे. अडचण अशी, की पक्षी पाणी पिऊन उडून जायचा तेव्हा कुठे यंत्राला तो आल्याचे कळायचे. "सर, बोर्ड कमजोर आहे, भारी घ्यावा लागेल," असे मुले म्हणाली आणि मीही तसा प्रस्ताव विश्वस्त मंडळाकडे पाठवून मोकळा झालो. ती घाई झाली.

कॅमेऱ्यातला सोनीचा आयएमएक्स २१९ सेन्सर ३२८० × २४६४, म्हणजे सुमारे ८० लाख बिंदूंचे चित्र देतो. मुले ते सबंध चित्र प्रोसेसरपर्यंत आणत आणि तिथे प्रोग्रॅमने ६४० × ४८० करत. बिंदूमागे ३ बाइट धरा. दर चित्राला २४ मेगाबाइट आणायचे, त्यातले एकसुद्धा पुरते ठेवायचे नाही! सब्जीमंडीतून पोतेभर मेथी आणून जुडीभरच शिजवण्यासारखे हे झाले.

मग एका मुलाने सेन्सरलाच ६४० × ४८० मागितले. वेग आला, पण कुंडे चित्रातून गायब! कारण त्या पद्धतीत सेन्सर मधला १२८० × ९६० एवढाच भाग घेतो. चित्र लहान करणे वेगळे आणि कापणे वेगळे. मापाचे आकडे दोन्हींत सारखेच दिसतात, म्हणून चांगली माणसेही इथे फसतात.

माझ्या मते मधला रस्ता योग्य आहे. सेन्सरकडून १६४० × १२३२ घ्यावे. यात दृश्य पूर्ण राहते, एकाच रंगाचे शेजारचे चार-चार बिंदू एकत्र होतात आणि भार चौथाईवर येतो. पुढचे लहान करणे चिपमधल्या 'आयएसपी' या चित्र-संस्कार भागावर सोपवावे. तो एकाच चित्राच्या दोन प्रती देतो. छोटीवर हालचाल शोधायची, पक्षी दिसला तरच मोठी जपून ठेवायची. प्रोसेसर पक्षी ओळखायला मोकळा.

अर्थात सेन्सरमध्ये एकत्र झालेले बिंदू पुन्हा सुटे होत नाहीत. पिसांवरची बारीक नक्षी पाहायची असेल तर पूर्ण चित्रच हवे, मग यंत्र थोडे रेंगाळले तरी चालेल. मात्र घाईत मधले बिंदू नुसते गाळून चित्र लहान करू नये. खिडकीच्या गजांवर नसलेले पट्टे उमटतात, हे मुलांनी मला दाखवलेच आहे.

विश्वस्त मंडळाला विनंती, की नव्या बोर्डाचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवावा. नव्या मांडणीने महिनाभर पक्षी मोजू द्या. मोठ्या मेमरी कार्डाची मागणी तेवढी येईल, ती मंजूर करावी.

मुख्याध्यापक