कांदळवनातील रातथाऱ्यांना संरक्षण द्या : मागणीपत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आम्ही खाडीवर पोट असलेले मासेमार आणि खाडीकाठी पक्षी पाहणारी माणसे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ मध्ये कांदळवनाच्या तोडीविरुद्ध आदेश दिले, २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला. झाडाला कायद्याचा आधार मिळाला. आता त्यावर रात्री उतरणाऱ्या पक्ष्यांचाही विचार व्हावा.

नदी डोंगरातले सत्त्व समुद्राकडे नेते, पक्षी ते उलट आणतात. ओहोटीला बगळे, पाणकावळे खाडीच्या तोंडाशी मासे, कोळंबी टिपतात आणि संध्याकाळी तिवर-चिपीच्या शेंड्यांवर येऊन बसतात; रात्र काढण्याची ही जागा म्हणजे त्यांचा रातथारा. सकाळी रातथाऱ्याखालून होडी नेली की पाने चुना शिंपडल्यासारखी पांढरी दिसतात. या विष्ठेतले नत्र मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात असते. गाळातले जीवाणू त्याचा अमोनिया करतात आणि तो मुळांना मिळतो. सोबत स्फुरदही येते. स्वच्छ खाडीच्या गाळात बहुधा याच दोहोंची वाण असते. फ्लोरिडात पक्ष्यांची वसाहत असलेल्या खारफुटीच्या बेटावर झालेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली झाडे अधिक वाढलेली आढळली, पानांत नत्र जास्त होते आणि ती पाने किडेही जास्त खात होते. आम्हाला त्यात नुकसान दिसत नाही. किडे, गळलेले पान खाणारी चिंबोरी, त्यांवर वाढणारी मासळी, सगळ्यांचे अन्न तिथूनच सुरू होते.

पक्षी झाडे वाळवतात, अशी तक्रार होते. फार दाट वसाहतीखाली काही फांद्या जळतात, हे खरे. तेवढ्यासाठी पक्षी हुसकावणे मान्य नाही. आणि नत्र मिळतेच आहे म्हणून सांडपाण्याला कोणी खत समजू नये. शहराचे मैलापाणी खाडीत शिरते, तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक खाडीतील रातथारे आणि विणीच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात. पक्षिगणना संध्याकाळी, पक्षी परतताना व्हावी.

२. या जागांजवळ प्रखर दिवे, फटाके आणि ड्रोन यांना बंदी असावी. विणीच्या काळात फांद्यांची छाटणी नको.

३. भरतीचे पाणी अडवणारे भराव काढावेत. पाणी खेळले नाही तर विष्ठेतले सत्त्व जागीच कुजते, पुढच्या झाडापर्यंत पोहोचत नाही.

४. प्रक्रिया न केलेले सांडपाणी खाडीत सोडणे बंद करावे. ही मागणी आम्ही सर्वांत निकडीची मानतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा सुरुवात तिथून व्हावी.

५. रातथाऱ्याखालचा आणि पक्षी नसलेल्या कांदळवनातला गाळ व पाने दरवर्षी तपासून अहवाल मराठीत जाहीर करावा.

येत्या हिवाळ्यापूर्वी पहिली नोंद सुरू करावी, ही विनंती. होड्या आणि वाट दाखवणारी माणसे आम्ही देऊ.

आपले,
खाडीकाठचे मासेमार व पक्षीनिरीक्षक